नव्या गटाची घडी बसवताना
मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये लहान गटांच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले: जुळणी, खडाजंगी, घडी बसणे आणि प्रत्यक्ष कामगिरी, १९७७ मध्ये मेरी ॲन जेन्सन यांच्यासह त्यांनी विसर्जनाचा पाचवा टप्पा जोडला. कार्यालयात नवा गट हाती आल्यास कोणते काम कोणाकडे आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवावे, कारण सुरुवातीचे सौजन्य म्हणजे सहमती नव्हे. पुढे खटके उडू लागले की ते दडपू नयेत. वाद कामाच्या पद्धतीवरचा आहे की माणसावरचा, हे आधी ओळखून पद्धतीवरचा वाद सर्वांसमोर सोडवावा आणि ठरलेला नियम त्याच दिवशी नोंदवावा. (खडाजंगीचा हा टप्पा टाळू पाहणारे प्रमुख बहुधा तो लांबवतात.) घडी बसल्यावर देखरेख सैल करावी, मात्र नवा सदस्य आल्यास कामाची वाटणी पुन्हा बोलून घ्यावी.