पायथॉनच्या एररमागे धावताना या चुका टाळा

एरर आली की शेवटची ओळ कॉपी करायची, सर्चमध्ये टाकायची आणि पहिलं मिळेल ते उत्तर डकवायचं. ही घाई बघून आता वीट आलाय. इंटरप्रिटर, म्हणजे आपला पायथॉन कोड चालवणारा प्रोग्राम, फक्त आपण कुठे अडकलो ते सांगतो. घोळ कधी कधी बराच आधी झालेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे स्वतःच्या फाइलला लायब्ररीचं (वापरायला तयार मिळणाऱ्या कोडचं) नाव देणं. टीममधल्या एका नव्या मुलाने फाशांचा खेळ लिहिला आणि फाइलला नाव दिलं रँडम डॉट पाय (random.py). पायथॉन म्हणाला, रँडम मॉड्यूल (लायब्ररीची फाइल) अर्धवट लोड झालंय, त्यात रँडइंट (यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन) नाही, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे (फाइली एकमेकींना ओढून घेत फिरतात त्यामुळे). झालं, गडी सर्क्युलर इम्पोर्टच्या मागे. एवढ्याशा खेळाच्या चार फाइली केल्या, मग पायथॉनच काढून पुन्हा टाकलं. एरर जागच्या जागी. गंमत म्हणजे मेसेज खोटा नव्हता. पायथॉन स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये आधी शोधतो, त्यामुळे ती फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करत होती! पायथॉन 3.13 पासून इंटरप्रिटर फाइलचं नाव बदलायला स्वतःच सुचवतो. मी मात्र अजूनही इम्पोर्टखाली लगेच मॉड्यूलचं डंडर फाइल (__file__, म्हणजे ते कुठून लोड झालं तो पाथ) प्रिंट करतो. पाथ आपल्याच फोल्डरचा निघाला की नाव बदलायचं, विषय संपला.

दुसरी, न मिटलेला कंस. 3.9 पर्यंत बऱ्याचदा नुसतं ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ यायचं आणि बोट पुढच्या, बिचाऱ्या निर्दोष ओळीकडे. लोक तीच ओळ पुसून पुन्हा टाइप करत बसतात. वरची ओळ बघा की! 3.10 पासून कुठला कंस उघडा राहिला ते सांगतात, तेव्हा जुनं व्हर्जन कवटाळून बसू नका.

मेथडला एकच आर्ग्युमेंट दिलं आणि पायथॉन दोन मोजतोय? डेफिनिशनमध्ये सेल्फ (पायथॉन आपोआप देतो तो ऑब्जेक्ट घेणारं पहिलं नाव) लिहायचा राहिलाय.

‘ननटाइप’ला (नन, म्हणजे ‘काहीच नाही’ या व्हॅल्यूच्या टाइपला) अपेंड नाही म्हणतोय? वर कुठेतरी सॉर्टचा निकाल व्हेरिएबलमध्ये ठेवलाय. सॉर्ट लिस्ट जागीच लावते आणि नन परत देते.

‘लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ (लिस्टला फंक्शनसारखं कॉल करता येत नाही) आलं तर व्हेरिएबलचं नाव लिस्ट ठेवलंय का बघा.

आणि एरर गप्प करायला एक्सेप्ट-पास (एरर पकडून काहीच न करणारा कोड) टाकणारे. खरी एरर तिथेच गिळली जाते आणि पुढे भलत्याच फंक्शनमध्ये भलतीच उगवते. असा कोड मी तपासायला घेत नाही. आधी ते काढा, पुन्हा चालवा, आणि अख्खा ट्रेसबॅक (एरर कुठून कुठे आली ती पूर्ण यादी) घेऊन या.