डिमरवर एलईडी लुकलुकतोय? आधी इनपुट करंट बघा

पहिल्या नोकरीत माझ्याकडे ७ वॉटचा डिमेबल एलईडी ड्रायव्हर, म्हणजे मेनवरून एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, आला होता. साध्या स्विचवर मस्त चालायचा, भिंतीवरच्या डिमरवर लावला की लुकलुकायचा. चार दिवस मी आउटपुटचे कपॅसिटर बदलत होते, मोठे लावले, दोन-दोन लावले, फरक शून्य. मग सिनियर सरांनी विचारलं, "अगं, इनपुटचा करंट बघितलास का?" नाही बघितला, कारण कॉलेजमधे रेग्युलेशन (आउटपुट स्थिर ठेवणं), रिपल (त्यातले चढउतार) सगळं आउटपुटचंच शिकलेलो.

डिमरमधे ट्रायॅक म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो गेटच्या, म्हणजे कंट्रोलच्या पायावरच्या, पल्सने चालू होतो खरा, पण चालू राहायला त्यातून ठराविक करंट वाहतच राहावा लागतो, तो होल्डिंग करंट, आणि अगदी चालू होताना त्याहून जरा जास्त, तो लॅचिंग करंट. बीटी१३६ या छोट्या ट्रायॅकला होल्डिंग जास्तीत जास्त १५ मिलिअँपिअर दिलाय, मोठ्या ट्रायॅकला ५० पर्यंत जातो. जुना ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टला २६० मिलिअँपिअर खायचा, त्यामुळे प्रश्नच नव्हता. आपला ७ वॉटवाला जेमतेम ३० घेतो, त्यातही इनपुट फिल्टरच्या रिंगिंगमुळे (ट्रायॅक चालू होताच करंटला बसणाऱ्या हेलकाव्यांमुळे) करंट मधेच शून्याला टेकतो, की ट्रायॅक बंद, डिमरमधला कपॅसिटर परत चार्ज, ट्रायॅक परत चालू, आणि मेनच्या सेकंदाला १०० हाफ सायकल (अर्ध्या लहरी) असतात त्यातली प्रत्येक वेगळी वागते, तेच डोळ्याला लुकलुकताना दिसतं.

मग इनपुटला समांतर एक रेझिस्टर टाकू म्हटलं. पण गणित करा, २३० व्होल्टला कायम ३० मिलिअँपिअर म्हणजे ६.९ वॉट, दिव्याएवढी वीज नुसती तापण्यात! म्हणून ॲक्टिव्ह ब्लीडर, म्हणजे गरजेपुरताच जादा करंट ओढणारं सर्किट, लावतात. रिटर्न लाइनमधल्या सेन्स रेझिस्टरवरून एकूण करंट कळतो, तो ठरवलेल्या पातळीखाली आला की मॉसफेट (एक ट्रान्झिस्टर) फक्त कमी पडलेला तेवढाच ओढतो. हाफ सायकलच्या शेवटी व्होल्टेजही उतरलेलं असतं, त्यामुळे तिथे उष्णता फार होत नाही. रिंगिंग दाबायला सिरीजमधे डॅम्पर रेझिस्टर लागतोच, नुसत्या ब्लीडरवर विसंबू नका.

हे सगळं मोजताना ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप मेनला लावायची नाही, ती अर्थला जोडलेली असते; दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोबच घ्या, हे कळकळीने सांगतेय.

अजून एक, ट्रायॅक गार असला की होल्डिंग करंट वाढतो. माझा ड्रायव्हर दुपारी पास झाला आणि डिसेंबरात सकाळी आठला त्याच टेबलावर परत लुकलुकला. तेव्हापासून मी ब्लीडरची पातळी थंड डिमरवरच ठरवते.