फाटकाच्या आत मॅडम, बाहेर मम्मी

यावल तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मी शिकवते. चारही बाजूंनी केळीच्या बागा. लेक माझ्याच वर्गात, चौथीला आहे. तुमचंही लेकरू तुमच्याच शाळेत येणार असेल, तर आधी हाक ठरवून घ्या: फाटकाच्या आत ‘मॅडम’, बाहेर ‘मम्मी’. गुडघा फुटल्यावर तोंडून ‘मम्मी’ निघालं, तर मात्र रागावू नका.

जमत असेल तर त्याला सहकाऱ्याच्या वर्गात बसवा. मला ते शक्य नाही, म्हणून तिचे चाचणीचे पेपर मी सरांकडून तपासून घेते. तिसरीत माझी मोठी चूक झाली. कोणी बोट दाखवू नये म्हणून तिचा वर आलेला हात मी बघतच नव्हते. महिन्याभरात तिने हात वर करणंच सोडलं. अजून आठवलं की जीव तुटतो. आता हजेरीच्या क्रमाने प्रश्न विचारते. पाळी आली की तिलाही.

खिचडीच्या वेळी लेकराला पंगतीतच बसू द्या, तुमच्या डब्यातलं भरीत वेगळं वाढू नका. ‘तुमच्या पोरीसोबत आमच्या पोराची पण शिकवणी घ्या’ म्हणणारे भेटतील. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, हे सरळ सांगा.

आणि घरी जाताना अभ्यासाचा विषय काढू नका. गाडी नाल्याच्या पुलापलीकडे गेली की ती मागून माझ्या पाठीला गाल टेकवते आणि म्हणते, “मम्मी, आज काय झालं माहितीये?”