क्लेम्समध्ये नव्याने येणाऱ्या डॉक्टरांसाठी

पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या टीपीएमध्ये (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थांमध्ये) आणि विमा कंपन्यांच्या आरोग्य क्लेम विभागात गेलात तर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस झालेले बरेच जण भेटतील. मीही बीएचएमएस. दवाखाना टाकायला भांडवल नसतं, हॉस्पिटलमधल्या आरएमओच्या (निवासी डॉक्टरच्या) नाइट ड्युट्या झेपत नाहीत, मग कुणीतरी सांगतं, ‘क्लेम्समध्ये ये, एसीत बसून काम आहे.’ पगार वेळेवर होतो, हे खरं आहे. पण हौसेने आलेली मुलं-मुली काही महिन्यांत गप्प होतात, जेवायलाही उठत नाहीत. असं का होतं ते इंटरव्ह्यूत कुणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

आधी घड्याळाचं सांगते. 29 मे 2024 च्या विमा नियामक आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा लागतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. हा नियम चांगला आहे. बिल काउंटरसमोर ताटकळणाऱ्या कुटुंबासाठी तो हवाच होता. पण तो तास हॉस्पिटलची विनंती कंपनीला मिळाल्यापासून मोजला जातो. क्यूमध्ये पडून, वाटप होऊन ती तुमच्या स्क्रीनवर येईपर्यंत त्यातला बराच वेळ सरलेला असतो. नियम कडक झाला त्या मानाने माणसं वाढली नाहीत, निदान मी पाहिलेल्या ऑफिसांत तरी नाहीत.

त्यात सगळं एकाच वेळी येतं. डॉक्टरांचा राउंड सकाळी, बिल दुपारी, त्यामुळे दुपारनंतर डिस्चार्जच्या फायलींचा लोंढा सुरू होतो. पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉइड, गॅस्ट्रो. गणपतीच्या सुट्टीचा अर्ज जूनमध्येच टाका, ऑगस्टमध्ये कुणी मंजूर करणार नाही.

फायली खूप असतात, पण माणूस खचतो तो दुसऱ्याच कारणाने. जास्त पैसे मंजूर झाले तर ऑडिट ‘लीकेज’ म्हणून एरर लावतं, कमी झाले तर ग्रीव्हन्स, म्हणजे ग्राहकाची तक्रार येते. दोन्हीकडे नाव प्रोसेसरचं, म्हणजे फाइल तपासणाऱ्या तुमचं. पॉलिसीच्या अटी तुम्ही लिहिलेल्या नसतात, पण फोनवर उत्तर तुम्हीच द्यायचं असतं. समजा, 3 लाखांची पॉलिसी आहे, रूम रेंटची मर्यादा एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये, आणि पेशंटने 5,000 ची खोली घेतली. मग त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, ओटी चार्जेस अशा खर्चांचेही साठ टक्केच मिळतात. नातेवाईक विचारतो, ‘मॅडम, खोलीचे दोन हजार कापा ना, ऑपरेशनचे का कापता?’ त्याचा राग रास्त असतो. अशा कॉलनंतर लगेच पुढची फाइल उघडायला लावणारा टीम लीडर चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच मिनिटं उठू द्यावं माणसाला.

आणि ही कपात तरी बरोबर करा. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांवर प्रमाणशीर कपात लागत नाही. घाईत नवीन माणूस अख्ख्या बिलाला साठ टक्के लावून मोकळा होतो. पेशंटचं नुकसान होतं आणि चार दिवसांनी तीच फाइल तक्रार बनून परत येते.

आता जे शिकवायला हवं आणि कुणी शिकवत नाही, ते म्हणजे क्वेरी, हॉस्पिटलकडे जादा माहिती किंवा कागद मागणं. टॅट (फाइल निकाली काढायची ठरलेली मुदत) वाचवायला क्वेरी टाकणं ही सगळ्यात वाईट सवय. घड्याळ थांबल्यासारखं वाटतं, पण उत्तर येतं आणि फाइल पुन्हा क्यूमध्ये. त्यातून दुसरी क्वेरी सुचते. वाढलेल्या पेंडन्सीतली कितीतरी अशी आपणच जन्माला घातलेली असते. टाकण्याआधी विचारा: या उत्तराने माझा निर्णय बदलणार आहे का? पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर मोरॅटोरियम पूर्ण झालेला असतो. त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय आजार लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. तरीही ‘डायबेटिस कधीपासून?’ ही क्वेरी सवयीने जाते. विचारायचंच असेल तर एकदाच आणि नेमकं विचारा. ‘सर्व कागदपत्रे पाठवा’ लिहिलंत तर आडवे स्कॅन केलेले ऐंशी कागद येतील आणि हवा तो नसेल. ‘दाखल होण्याआधीचा पहिला तपासणी कागद आणि प्लेटलेट्सचे तारीखवार रिपोर्ट’ असं लिहा.

रिमार्क असा लिहा की फाइल न पाहिलेल्या माणसाला निर्णय कळावा. 2024 पासून क्लेम नाकारायचा तर तो कंपनीच्या क्लेम समीक्षा समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही. प्रकरण पुढे विमा लोकपालांकडेही जाऊ शकतं. तिथे तुम्ही नसता, तुमचा रिमार्क असतो. वरून तोंडी सूचना आली तर ‘अमुक सूचनेनुसार’ अशी ओळ टाका किंवा मेलवर मागा. त्यात उद्धटपणा नाही.

तासांबद्दल. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी, आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत. मात्र व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळलेली आहेत, म्हणून ऑफर लेटरवरचं पदनाम नीट वाचा. लॉगआउटनंतर ‘फक्त दोन फायली’ हे रोजचं होऊ लागलं तर वेळेची नोंद स्वतःकडे ठेवा आणि एकट्याने न बोलता चौघं मिळून मॅनेजरकडे जा. एकट्याचा विषय ‘स्पीड कमी आहे’ म्हणून निकालात निघतो.

इंटरव्ह्यूत पगाराआधी विचारा: रोजचं टार्गेट किती, त्यात क्वेरीचं उत्तर आलेली फाइल धरतात का, एररवर पगार कापतात का, टीममधला सर्वांत जुना माणूस किती वर्षं इथे टिकलाय? शेवटच्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर दुसरीकडेही अर्ज करून ठेवा.

पहिल्या वर्षातच मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसन्शिएट परीक्षेला नाव घाला. पुढे असोशिएटशिप आहे. त्यामुळे अंडररायटिंग (पॉलिसी द्यायची की नाही ते ठरवणं), ऑडिट, प्रॉडक्ट इकडे वळायला आधार मिळतो, आणि हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला तर क्लेम्स केलेला डॉक्टर हवाच असतो. झोप उडाली, सुट्टीच्या दिवशीही टॅटचा रंग लाल झालेला दिसू लागला, तर बढतीची वाट पाहत थांबू नका. तुमची पदवी आणि रजिस्ट्रेशन शाबूत आहे, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण तेवढं चुकवू नका.