समोच्च रेषा फोटोवर बसत नाहीत? थर हाताने सरकवू नका

ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराचा जुना कंटूर नकाशा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषांचा नकाशा, मी उपग्रह छायाचित्रावर टाकला, तेव्हा कळव्याच्या बाजूचा एक ओढा डोंगराच्या सोंडेवरून वाहताना दिसू लागला. ओढा वाहतो घळीतून. समोच्च रेषा घळीपाशी आत वळतात आणि त्या वळणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. हे टोक फोटोतल्या ओढ्यावर पडत नसेल, तर दोनपैकी एक थर चुकीच्या जागी आहे. मी तो थर धरून डोळ्यांच्या अंदाजाने सरकवला. एक ओढा जुळला आणि पलीकडचे दोन बिघडले.

डोंगरपायथ्याच्या वस्तीत पावसाचं पाणी कुठून उतरेल, संरक्षक भिंत कुठे हवी, येऊरच्या पाड्यांजवळ बंधारा कुठे घालावा, हे लोक या नकाशांवरून ठरवतात. पन्नास मीटर चुकलं तर पाणी शेजारच्या गल्लीत शिरतं. त्यामुळे थराला हात लावण्याआधी चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखायला हवं.

चूक कशी दिसते ते पाहा

नकाशाचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी फरक मोजा. पाचही ठिकाणी तो एकाच दिशेला आणि सारखाच असेल, तर डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले त्याचा, घोळ आहे. एका बाजूला जुळतंय आणि दुसरीकडे जाताना फरक वाढत चाललाय, तर नकाशा फिरलाय किंवा ताणला गेलाय. एकाच तुकड्यात बिघाड असेल, तर तिथला नियंत्रण बिंदू (नकाशा जागेवर बसवण्यासाठी घेतलेली ओळखीची जागा) चुकलाय किंवा खरोखर जमीनच बदललीय. थर ठाण्याच्या आसपास दिसतच नसेल, तर त्याला चुकीची सीआरएस, म्हणजे निर्देशांक पद्धत, चिकटली आहे.

ही शेवटची तक्रार सर्वांत जास्त येते. ठाणे-नवी मुंबई यूटीएम या मीटरच्या जाळीच्या झोन ४३ उत्तरमध्ये येतात; या सीआरएसचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. ठाण्याचे आकडे तिथे मीटरमध्ये असतात: पूर्वेचा साधारण २,८६,००० आणि उत्तरेचा साधारण २१,२४,०००. तुमच्या फाइलमध्ये ७२.९७ आणि १९.२ असे अंश असतील आणि तिला ३२६४३ चं लेबल लावलं, तर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर त्यांना मीटर समजतं आणि नकाशा मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर समुद्रात जाऊन पडतो. तेव्हा आधी आकडे वाचा, मग लेबल लावा. ‘सेट लेयर सीआरएस’ने फक्त लेबल बदलतं, आकडे तसेच राहतात. आकडे बदलायचे असतील तर व्हेक्टरसाठी (रेषा-बिंदूंचा थर) ‘रिप्रोजेक्ट’ आणि रास्टरसाठी (स्कॅन किंवा फोटो) ‘वॉर्प’ वापरा. या दोन कामांची गल्लत झाली की पुढचं सगळं काम त्या चुकीवर उभं राहतं आणि नंतर ती सापडत नाही.

जुनी टोपोशीट

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या जुन्या टोपोशीट, म्हणजे भूरूपाचे नकाशे, एव्हरेस्ट स्फेरॉइडवर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती मॉडेल) आहेत, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर नाहीत. शीटवर छापलेले अक्षांश-रेखांश सरळ डब्ल्यूजीएस ८४ म्हणून भरले, तर आपल्या भागात सगळा नकाशा सुमारे शंभर मीटर सरकतो. सगळीकडे एकसारखा सरकत असल्यामुळे हाताने ढकलण्याचा मोह इथेच सर्वांत जास्त होतो. त्याऐवजी स्कॅन जागेवर बसवणाऱ्या जिओरेफरन्सरमध्ये ‘कल्याणपूर १९७५’, म्हणजे ईपीएसजी ४१४६ निवडा आणि नंतर वॉर्प करून ३२६४३ मध्ये आणा.

नियंत्रण बिंदू म्हणून शीटवरचे जाळीचे छेद घ्या. दर ५ मिनिटांच्या रेषा असतात, त्यामुळे १५ मिनिटांच्या शीटवर काठांसकट १६ छेद मिळतात. चारच कोपरे घेतले तर मधली कागदाची सुरकुती कळत नाही. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सुमारे ४.२ मीटर, तेव्हा तीन पिक्सेलची चूक म्हणजे तेरा मीटर. आरएमएसचा, म्हणजे सरासरी चुकीचा, आकडा असा मीटरमध्ये करून वाचला की तो खपवून घ्यावा की नाही ते लगेच कळतं.

इथे एक सावधगिरी. नकाशा बसवण्यासाठी ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत निवडली की शिल्लक चूक जवळजवळ शून्य दिसते. ती तुमच्या अचूकतेमुळे नव्हे: ही पद्धत प्रत्येक बिंदू ओढून बरोबर जागी नेते, चुकीचा बिंदूसुद्धा. सपाट स्कॅनला पहिल्या घाताचं पॉलिनोमियल, म्हणजे सगळ्या नकाशाला एकच साधं सूत्र, पुरतं. त्यात एखादा बिंदू चुकला तर तो आकड्यात उठून दिसतो.

आणखी एक स्थानिक अडचण म्हणजे ७३ अंश पूर्व रेखांश, जो वाशी-ऐरोलीच्या पट्ट्यातून जातो. त्याच्या पश्चिमेला ४७ ए/१६ आणि पूर्वेला ४७ ई/४, त्यामुळे या पट्ट्यातलं काम दोन शीटवर पडतं. दोन्ही वेगवेगळ्या जिओरेफरन्स करा, आतल्या चौकटीवर कापा आणि मगच जोडा. समास ठेवला तर एका शीटचा पांढरा कागद दुसरीच्या नकाशावर चढतो.

जाळी नसलेला नकाशा असेल तर बिंदू रस्त्यांचे चौक, पुलांची टोकं, १९१६ साली सुरू झालेल्या पारसिक बोगद्याची तोंडं यांवर घ्या. खाडीचा काठ कधीही घेऊ नका, तो भरती-ओहोटीने आणि खारफुटीने सरकतो. उंच इमारतीची गच्चीही नको, कारण तिरप्या छायाचित्रात ती पायापासून बाजूला पडलेली असते. हेच डोंगरालाही लागू आहे. ऑर्थोरेक्टिफाय न केलेला, म्हणजे उंचसखलपणाची दुरुस्ती न लावलेला, फोटो उभ्या रेषेपासून २५ अंश तिरपा घेतलेला असेल, तर २०० मीटर उंचीचा माथा नव्वदेक मीटर सरकलेला दिसतो. पायथा जुळतो, धार जुळत नाही, आणि लोक मग समोच्च रेषांना दोष देतात.

पारदर्शकता सर्वांत शेवटी

जागा पक्की झाली की मगच पारदर्शकतेकडे वळा. अख्ख्या थराची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ४० टक्क्यांवर आणली की कागदाबरोबर रेषाही फिकट होतात. स्कॅन असेल तर ब्लेंडिंग मोड ‘मल्टिप्लाय’ करा: पांढरा कागद नाहीसा होतो, रेषा गडद राहतात. पावसाळ्यानंतरच्या येऊरच्या गर्द हिरव्या फोटोवर मात्र तपकिरी रेषा मल्टिप्लायमध्ये बुडतात. तिथे रेषा व्हेक्टर करून पिवळ्या रंगात, बारीक काळ्या किनारीसह काढा.

‘पांढरा म्हणजे पारदर्शक’ असं सांगून २५५ भरला तरी पांढरे ठिपके उरतात, कारण जेपीजीमधला कागद २४० ते २५० च्या आसपास, किंचित पिवळसर असतो. आधी उजेड वाढवून कागद खरोखर पांढरा करा आणि पीएनजी किंवा जिओटिफमध्ये ठेवा. वॉर्प करताना कडेला काळे त्रिकोण आले म्हणून ० हा नोडेटा, म्हणजे रिकामा पिक्सेल, ठरवू नका, शुद्ध काळ्या रेषाही त्यात गायब होतात. अल्फा बँड (पारदर्शकतेचा वेगळा थर) घ्या.

गुगल अर्थमध्ये चढवताना आधी ईपीएसजी ४३२६ मध्ये (डब्ल्यूजीएस ८४ चे अंश) वॉर्प करा. यूटीएमची जाळी ठाण्यात खऱ्या उत्तरेपासून सुमारे दोन तृतीयांश अंश फिरलेली असते. तसाच चढवला तर ५ किलोमीटरच्या नकाशात एक टोक जुळवल्यावर दुसऱ्या टोकाला जवळजवळ ६० मीटर फरक पडतो.

उंचीही तपासा

ड्रोनच्या उंचीवरून काढलेल्या रेषा खाडीकाठी उणे ६० दाखवत असतील, तर ती उंची एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची, आहे. मुंबईच्या परिसरात समुद्रसपाटी एलिप्सॉइडच्या साठ-पासष्ट मीटर खाली येते. जिऑइडची, म्हणजे प्रत्यक्ष समुद्रसपाटीच्या पातळीची, दुरुस्ती लावा.

एसआरटीएमच्या (अंतराळातून रडारने मोजलेली उंची) ३० मीटर डेटातून ५ मीटरच्या रेषा काढू नका. त्याच्या उंचीच्या अचूकतेचं ठरवलेलं उद्दिष्टच १६ मीटर होतं. वर त्यात झाडांचे शेंडे आणि इमारतीही मिसळलेल्या आहेत. वाशीच्या सपाटीवर अशा रेषा इमारतींभोवती गोल फिरतात आणि तिथे टेकडी असल्याचा भास होतो. २० मीटरच्या रेषा ठेवा.

आणि या डेटाचं वय लक्षात असू द्या. तो फेब्रुवारी २००० चा आहे. त्यात उलवे टेकडी नव्वदेक मीटर उंच उभी आहे. आता ती नवी मुंबई विमानतळासाठी सपाट केली गेली आहे आणि उलवे नदीही वळवली आहे. तिथे समोच्च रेषा धावपट्टीवर चढत असतील तर जिओरेफरन्सिंग दुरुस्त करायला बसू नका. थराच्या नावात वर्ष लिहा आणि त्या तुकड्यासाठी नव्या ड्रोन सर्वेक्षणाची उंची घ्या. तुर्भे आणि पारसिककडच्या जुन्या दगडखाणींचंही असंच आहे. जिथे कडा सरळ कापलेला दिसतो, तिथल्या रेषा नकाशात बरोबर असतात, पण ती जमीन आता तिथे राहिलेली नसते.