सोलापुरातून प्रो गोल्फर व्हायचंय? पटरपासून सुरुवात करा

गोल्फ म्हटलं की नवख्याच्या डोळ्यांसमोर लांब फटका येतो. पण पार ७२ मध्ये, म्हणजे १८ होलच्या फेरीसाठी ठरलेल्या ७२ फटक्यांत, दर होलला पटरचे (चेंडू जमिनीवरून होलमध्ये ढकलायच्या काठीचे) दोन फटके धरलेले असतात. १८ होलचे ३६ झाले, म्हणजे निम्मा खेळ! आणि सोलापुरात घरबसल्या घोटून घेता येतो तो नेमका हाच भाग.

फरशीवर चेंडू फार पळतो, म्हणून सतरंजी ताणून अंथरा. टोकाला १०८ मिलिमीटर व्यासाची कागदी चकती ठेवा. होल तेवढाच असतो. पटरच्या दोन्ही अंगांना बोटभर जागा सोडून पाण्याच्या बाटल्या उभ्या करा. बाटली हलली की पटर तिरका जातोय हे कळतं. सहा फुटांवरून सलग २० चेंडू चकतीवरून जायला हवेत. एक चुकला की पुन्हा एकपासून.

पूर्ण स्विंगसाठी (काठी पूर्ण फिरवून मारायच्या फटक्यासाठी) जाळी बांधा आणि तिच्यामागे जुनी सोलापुरी चादर सैल सोडा. ताणून बांधली तर चेंडू उसळून तोंडावर येतो. उन्हाळ्यात तापून कडक झालेल्या काळ्या जमिनीवर आयर्न (धातूच्या पात्याची काठी) अजिबात मारू नका, झटका मनगटात आणि कोपरात बसतो. जाड रबरी मॅट हवीच.

मुलांना मोठ्यांचे क्लब (गोल्फच्या काठ्या) कापून देऊ नका. दांडा ताठर होतो, मूल सगळं अंग टाकून ओढायला लागतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. सात क्लबचा अर्धा सेट पुरे. नियमाने जास्तीत जास्त १४ च नेता येतात.

गवतावरच्या सरावासाठी पुणे गाठा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालात तर पोहोचेपर्यंत ऊन चढतं, म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. तिथला वेळ ड्रायव्हरवर (लांब फटक्याच्या काठीवर) घालवू नका. चिपिंग (जवळून उचलून मारायचा छोटा फटका), बंकर (वाळूचा खड्डा), उतारावरचं पटिंग हे घरी होत नाही, ते तिथे करा.

प्रो व्हायची घाई मात्र नको. रोजच्या मैदानावरचा शून्य हँडिकॅप, म्हणजे साधारण पारएवढ्या फटक्यांत खेळण्याची पातळी, फसवा असतो. अनोळखी मैदानावर, स्पर्धेत, चारही दिवस पारच्या आसपास राहता आलं तरच पीजीटीआयच्या (भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरच्या) क्वालिफाइंग स्कूलचा, म्हणजे पात्रता स्पर्धेचा, अर्ज भरा. एकदा प्रो झालात की हौशी स्पर्धा बंद. ३६ होलनंतरचा कट (पुढच्या फेऱ्यांसाठीची छाटणी) हुकला तर बक्षिसाचा रुपयाही नाही. प्रवास, मुक्काम, कॅडी (क्लब वाहणारा मदतनीस) सगळं खिशातून. एका हंगामाचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि सही करण्याआधी स्कोअरकार्ड मार्करबरोबर (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याबरोबर) होलवार ताडून पाहा. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केली की थेट बाद. जास्त लिहिला तर तोच कायम.