ब्लड कल्चर, व्हायटेक आणि संगणक: मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये या चुका टाळा

ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीची) बाटली आली की आधी लेबल कुठे चिकटवलंय ते पाहा. पेशंटचं लेबल बाटलीच्या मूळ बारकोडवर आलं तर बाटलीतल्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राला ती ओळखता येत नाही. लेबल उभं लावायचं. बारकोड आणि रक्ताची पातळी दाखवणाऱ्या खुणा दोन्ही मोकळ्या हव्यात. वॉर्डातल्या सिस्टरना हे बाटली हातात धरून दाखवा, नुसत्या परिपत्रकाने काम होत नाही.

मोठ्यांच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. दोन-तीन मिलीवर भागवलं तर रक्तात जंतू असूनही पाच दिवसांनी निगेटिव्ह रिपोर्ट जाऊ शकतो. उलट बाटली गच्च भरली, किंवा पेशंटच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असल्या, तर पेशींच्याच कार्बन डायऑक्साइडमुळे खोटी बीप होते, म्हणजे यंत्र जंतू नसतानाही पॉझिटिव्हचा इशारा देतं. ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) रिकामा दिसला म्हणून बाटली फेकू नका. स्क्रीनवरचा आलेख उघडा. रेघ एकदम वर चढली असेल तर जंतूंचा संशय धरा. संथ, जवळपास सरळ चढत असेल तर पेशींचा. दोन्ही वेळा ब्लड आगर आणि चॉकलेट आगर या प्लेटांवर सबकल्चर करून (म्हणजे बाटलीतला थेंब पसरून) बाटली परत आत ठेवा. न्यूमोकोकस बाटलीतच फुटून जातो, त्यामुळे स्टेन आणि सबकल्चर दोन्ही रिकामे येऊ शकतात, हेही ध्यानात असू द्या.

बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत आणि यंत्राबाहेरच्या इन्क्युबेटरमध्येही नाहीत. बाहेरच वाढ होऊन गेली तर यंत्राला बदल दिसतच नाही. बॅक्टअलर्ट या यंत्राच्या बाटलीचा तळ लावण्याआधीच पिवळा दिसला, तर ती पॉझिटिव्ह समजून थेट ग्राम स्टेन करा. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गासाठी लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताची बाटली यांच्या बीपमधला दोन तासांचा फरक पाहतात. यंत्र वेळ मोजतं ती बाटली आत गेल्यापासून. एक बाटली आता आणि दुसरी जेवणानंतर लावली, तर त्या फरकाला काही अर्थ उरत नाही. रक्तही दोन्हीत सारखंच हवं.

व्हायटेकचं सस्पेन्शन

व्हायटेक हे कार्डावर जंतू ओळखणारं आणि कोणतं औषध लागू पडतं ते सांगणारं यंत्र; त्यात घालायचं सस्पेन्शन म्हणजे सलाइनमध्ये मिसळलेल्या जंतूंचं मिश्रण. सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. सलाइन ०.४५ ते ०.५० टक्क्यांचं लागतं; कपाटातलं नेहमीचं ०.९ टक्क्यांचं चालत नाही. ट्यूबमध्ये ३ मिली पडतं का, हे अधूनमधून वजन करून तपासा: रिकाम्या ट्यूबपेक्षा साधारण ३ ग्रॅम जास्त भरलं पाहिजे. डिस्पेन्सर हळूहळू घसरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

कॉलनी (प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपका) ताजी, एकाच जातीची घ्या. जीएन (ग्राम-निगेटिव्ह) आणि जीपी (ग्राम-पॉझिटिव्ह) कार्डांसाठी ०.५० ते ०.६३ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप), यीस्टसाठी १.८० ते २.२०. ट्यूबवर बोटांचे ठसे किंवा ओरखडे असले तर गढूळपणा मोजणारं डेन्सिचेक जास्त आकडा दाखवतं आणि प्रत्यक्षात सस्पेन्शन पातळ राहतं. मग संवेदनशीलतेच्या कार्डासाठी दुसऱ्या ३ मिली ट्यूबमध्ये यातलं १४५ मायक्रोलिटर ग्राम-निगेटिव्हसाठी, २८० ग्राम-पॉझिटिव्हसाठी. पिपेट १४५ वरच राहिलं आणि स्टॅफिलोकोकस भरला, तर जंतू निम्मेच जातात. कार्ड अर्धवट संपतं किंवा औषध लागू पडतं असं खोटंच दिसतं. घट्ट सस्पेन्शनने उलटं होतं, खोटा रेझिस्टन्स येतो. तयार ट्यूब ३० मिनिटांत यंत्रात गेली पाहिजे.

प्रत्येक सस्पेन्शनची प्युरिटी प्लेट (त्यात एकच जंतू आहे का, हे पाहण्याची प्लेट) लावा. दुसऱ्या दिवशी प्लेटवर दोन प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर छापून आलेला रिपोर्ट रद्द, मग त्यावर ९९ टक्के लिहिलेलं का असेना. जंतू बरोबर ओळखल्याचा हा टक्का त्या कार्डाच्या डेटाबेसपुरता असतो. कोकण-गोव्याच्या पट्ट्यात हे विशेष महत्त्वाचं आहे: मेलिऑयडोसिसचा जंतू बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआय कधीकधी त्याच्या जवळचा बर्कहोल्डेरिया सेपॅशिया म्हणून येतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, कोलिस्टिन आणि जेंटामायसिनला दाद न देणारा, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटला संवेदनशील ग्राम-निगेटिव्ह बॅसिलस दिसला की थांबा, काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये हलवा. ब्रुसेलाही ऑक्रोबॅक्ट्रम या दुसऱ्या जंतूच्या नावाने येऊ शकतो. सावकाश वाढणाऱ्या बारीक कोकोबॅसिलसचं सस्पेन्शन उघड्यावर करणं धोक्याचं आहे. जुन्या सॉफ्टवेअरवर कॅन्डिडा ऑरिस हा यीस्ट कॅन्डिडा हीम्युलोनी म्हणून येतो. कोलिस्टिनचा यंत्राचा आकडा रिपोर्टात घेऊ नका, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या द्रवात जंतू वाढवून पाहण्याची पद्धत) करा.

आकडा तोच, अर्थ वेगळा

सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे ब्रेकपॉइंट (औषध लागू पडतं की नाही हे ठरवणारे आकडे) बदलतात, पण यंत्र, एलआयएस (लॅबचं संगणक सॉफ्टवेअर) आणि हूनेट (रेझिस्टन्सच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, WHONET) तिन्हीकडे ते वेगवेगळे साठवलेले असतात. ई. कोलायची सिप्रोफ्लॉक्सॅसिन एमआयसी (जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण) ०.५ आली तर २०१९ च्या आधी ती संवेदनशील होती, आता मधल्या गटात जाते. एकीकडे नवे आणि दुसरीकडे जुने ब्रेकपॉइंट राहिले, तर एकाच पेशंटचे दोन निकाल फिरतात. एलआयएसमध्ये नमुन्यानुसार नियमही घाला: रक्तातल्या जंतूला नायट्रोफ्युरँटॉइन आणि थुंकीतल्या जंतूला डॅप्टोमायसिन छापून जाता कामा नये.

हूनेटमध्ये डेटा नेताना मध्ये एक्सेल आलं तर पेशंट नंबराचा स्तंभ आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर ००४५१२ चा ४५१२ होतो, तोच पेशंट दोनदा मोजला जातो आणि प्रत्येक पेशंटचा पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वाढवून वेगळा काढलेला जंतू) धरण्याचा नियम मोडतो. अँटिबायोग्राममध्ये (कोणत्या जंतूला कोणतं औषध किती टक्के लागू पडतं याच्या तक्त्यात) ३० पेक्षा कमी आयसोलेट असलेल्या जंतूचा टक्का छापू नका; छापायचाच असेल तर शेजारी संख्या लिहा.